नऊचा आकडा

डॉक्टरांसमोर बसल्यावर झोपेचे गाऱ्हाणे सगळे एकाच शब्दांत मांडत नाहीत. एक जण म्हणतो, ‘रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही.’ दुसरी म्हणते, ‘पाठ टेकली की झोप लागते हो, पण दोनला टक्क जाग येते. मग पहाटेपर्यंत नुसती कूस बदलायची.’ तिसऱ्याची तक्रार त्याची बायकोच सांगते : ‘यांना काही कळत नाही. घोरता घोरता श्वास थांबतो, मीच घाबरून हलवते.’ चौथ्याची रात्र शांत जाते, पण दुपारच्या मीटिंगमध्ये मान खाली पडते.

हे चौघे न्यू जर्सीतल्या एखाद्या दवाखान्यात बसले आहेत असे धरू. चौघांच्या बोलण्यात चार वेगळ्या आजारांच्या वाटा दिसतात. पण पहिल्या भेटीत डॉक्टरांनी चौघांच्याही कागदावर ‘झोपेची तक्रार’ एवढेच लिहिले, तर त्यांच्या बिलांवर एकच खूण उमटेल : जी४७.९. तिचा अर्थ, ‘झोपेचा विकार, अनिर्दिष्ट’.

डॉक्टरांच्या शब्दांचे अशा खुणांत रूपांतर करण्याच्या कामाला मेडिकल कोडिंग म्हणतात. अमेरिकेत या खुणेशिवाय विमा कंपनी बिलाकडे बघतही नाही. हे काम करणाऱ्यांत भारतातली हजारो मुले-मुली आहेत. जीवशास्त्र, फार्मसी, फिजिओथेरपी शिकून पुण्यात किंवा नवी मुंबईत अमेरिकी चार्ट वाचत बसलेले कोणी ना कोणी आता बऱ्याच मराठी घरांच्या ओळखीत असते. त्यांच्या रोजच्या कामात हा शेवटचा नऊ वारंवार येतो. प्रशिक्षणात ‘शक्यतो टाळा’ असे सांगितले जाते, आणि तरी तो पूर्णपणे टाळता येत नाही. का, ते या प्रकरणात पाहू.

आठ आणि नऊ

अमेरिकेतल्या निदानांच्या यादीला आयसीडी-१०-सीएम म्हणतात. मूळ यादी जागतिक आरोग्य संघटनेची. अमेरिकेने तिच्यात आणखी बारकावे घालून स्वतःची आवृत्ती तयार केली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून ती बिलांसाठी लागू केली. आधीच्या यादीत निदानाचे सुमारे १४ हजार कोड होते. नव्या यादीत ते सुमारे ६८ हजार झाले. दर वर्षी १ ऑक्टोबरला यादीत भर पडते, काही कोड बदलतात, काही जातात. कोडर मंडळींचे खरे नवे वर्ष त्या दिवशी सुरू होते.

कोड वाचण्यासाठी जुन्या किराणा दुकानातले खणांचे कपाट डोळ्यांसमोर आणावे. ‘जी’ हे मज्जासंस्थेच्या आजारांचे कपाट. ४७ हा त्यातला झोपेचा कप्पा. टिंबानंतरचा आकडा म्हणजे खण. शून्यात निद्रानाश, एकात अतिनिद्रा, दोनात शरीराच्या घड्याळाचे बिघाड, तिनात झोपेत श्वास अडणे म्हणजे स्लीप ॲप्निया. चारात नार्कोलेप्सी, ज्यात दिवसाढवळ्या अनावर झोप येते. पाचात स्वप्नाबरहुकूम हातपाय चालवण्यासारखे झोपेतले वागणे, सहात पाय झटकणे आणि दात खाणे. सात रिकामा आहे. आठ म्हणजे ‘इतर’ आणि नऊ म्हणजे ‘अनिर्दिष्ट’.

आठ आणि नऊ शेजारी असले तरी त्यांच्यात मोठे अंतर आहे. आठ लागतो तेव्हा डॉक्टरांना आजार कळलेला असतो, त्यांनी तो लिहिलेलाही असतो, पण यादीत त्याच्यासाठी खण नसतो. नऊ लागतो तेव्हा खण असतात, पण वस्तू कोणत्या खणातली हे कागदावरून कळत नाही. आठमध्ये यादी अपुरी पडलेली असते, नऊमध्ये कागद.

इथेच नवशिका कोडर पहिली ठेच खातो. टिंबानंतर एकच आकडा असेल तेव्हा नऊ म्हणजे अनिर्दिष्ट. पण खणाच्या आत आणखी पुड्या केल्या की हिशेब उलटतो. जी४७.०० म्हणजे अनिर्दिष्ट निद्रानाश आणि जी४७.०९ म्हणजे इतर निद्रानाश. तसेच जी४७.३० हा कोणत्या प्रकारचा ते न लिहिलेला ॲप्निया, आणि जी४७.३९ हा इतर प्रकारचा. बाहेर नऊ जे सांगतो तेच आत शून्य सांगते. पाठांतरावर विसंबणारा इथे फसतो. म्हणून शिकवताना पहिला धडा असतो : आधी अक्षरानुक्रमाच्या सूचीत शब्द शोधा, मग मूळ तक्त्यात जाऊन कोड पडताळा.

लंडनचे ‘अचानक’

अनिर्दिष्टाचा खण काही संगणकाच्या युगाने आणलेला नाही. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये कोण कशाने मेले याचे साप्ताहिक तक्ते छापले जात. मृताच्या घरी जाऊन कारण ठरवण्याचे काम बहुधा वयस्क बायकांकडे असे, आणि त्यांच्याकडे वैद्यकीय शिक्षण नसे. जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये या तक्त्यांवर पुस्तक लिहिले, ते लोकसंख्याशास्त्राचा पाया मानले जाते. त्या तक्त्यांत प्लेग आहे, क्षय आहे, ‘वृद्धत्व’ आहे, ‘दात’ आहेत. आणि ‘अचानक’ असेही एक कारण आहे. माणूस अचानक गेला, यापलीकडे ठाऊक नव्हते, म्हणून तेवढेच लिहिले गेले.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयातला विल्यम फार अशा मोघम नावांवर वैतागलेला दिसतो. एकच आजार चार नावांनी लिहितात आणि एकच नाव चार आजारांना देतात, ही त्याची तक्रार होती. १८९३ मध्ये पॅरिसचा संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ याने मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, तिचीच पुढे आंतरराष्ट्रीय यादी झाली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि त्या वेळी तिच्यात प्रथमच जिवंत माणसांचे आजार शिरले. मरणाचे कारण एकदाच नोंदवायचे असते. आजार मात्र भेटीगणिक उलगडत जातो. आधीच्या भेटीत धूसर दिसणारे पुढच्या भेटीत स्वच्छ दिसू शकते. त्यामुळे ‘अजून ठरलेले नाही’ हे सांगणारा खण जिवंतांच्या यादीला फार लागतो.

ओसरीवरून माजघरात

झोपेला तर या यादीत स्वतःची जागा मिळायलाच बराच काळ लागला. अमेरिकेत १९७९ पासून वापरात असलेल्या आयसीडी-९ च्या आवृत्तीत झोपेच्या तक्रारी लक्षणांच्या प्रकरणात होत्या. ७८०.४ चक्कर, ७८०.५ झोपेच्या तक्रारी, ७८०.६ ताप. चक्कर आणि ताप यांच्या मधोमध, ओसरीवर बसलेल्या पाहुण्यासारखी झोप तिथे होती. मनाशी जोडलेल्या झोपेच्या तक्रारी वेगळ्या, मानसिक आजारांच्या प्रकरणात.

याला कारण होते. झोपेचे विज्ञानच तरुण होते. डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप, म्हणजे रेम, यूजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी शिकागोत १९५३ मध्ये नोंदवली. झोपेत श्वास थांबण्याचे प्रयोगशाळेत मोजलेले वर्णन १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी केले. नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र कॉलिन सुलिव्हान यांनी सिडनीत १९८१ मध्ये मांडले. अमेरिकी यादीत ॲप्नियाच्या प्रकारांना लक्षणांच्या प्रकरणाबाहेर स्वतःचा कप्पा मिळाला तो थेट २००५ मध्ये.

आयसीडी-१० मध्ये झोप घरात आली, पण दोन खोल्यांत वाटली गेली. शरीराच्या बिघाडातून आलेली झोपमोड मज्जासंस्थेच्या ‘जी’ प्रकरणात आणि मनातून आलेली मानसिक आजारांच्या ‘एफ’ प्रकरणात. झोपेत चालणे, रात्री किंचाळत उठणे, वाईट स्वप्ने ही सगळी ‘एफ५१’ मध्ये गेली. तिथेही शेवटी एक नऊ आहेच : एफ५१.९. म्हणजे निदान न झालेल्या झोपेला अनिर्दिष्टाचे दोन खण. मधली भिंत कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात, नोकरी गेल्याच्या काळजीने झोप उडाली आणि मग सहा महिने झोप न झाल्याने रक्तदाब वाढला, तर हा माणूस भिंतीच्या कोणत्या बाजूचा?

आयसीडी-११ ने ही भिंत पाडली. २०१९ मध्ये मान्य झालेली ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात झोप आणि जाग यांच्या विकारांना स्वतंत्र, सातवे प्रकरण मिळाले. अनिर्दिष्टाचा खण मात्र तिथेही टिकला. आकडा जाऊन अक्षर आले इतकेच : ७बी२झेड. अमेरिकेतली बिले अजून दहाव्या आवृत्तीवरच चालतात.

चार्ट उघडल्यावर

आता आपल्या तिसऱ्या रुग्णाचा चार्ट कोडरच्या पडद्यावर उघडू. ५४ वर्षांचा पुरुष, बाह्यरुग्ण विभागातली भेट. पत्नीच्या सांगण्यानुसार घोरणे, मध्येच श्वास थांबणे. दिवसा पेंग. बॉडी मास इंडेक्स ३४. खाली डॉक्टरांचा निष्कर्ष : ‘झोपेची तक्रार. अडथळ्याचा स्लीप ॲप्निया रूल आउट करणे. स्लीप स्टडी सांगितली.’

वाचणाऱ्या कोणालाही वाटेल की हा ॲप्नियाच. कोडरलाही वाटते, दिवसाला असे कित्येक चार्ट तिच्या नजरेखालून जातात. तरी तिला जी४७.३३, म्हणजे अडथळ्याचा ॲप्निया, लिहिता येत नाही. बाह्यरुग्ण भेटींसाठी अमेरिकेचा नियम स्वच्छ आहे : ‘शक्यता’, ‘संशय’, ‘रूल आउट’ अशा शब्दांनी लिहिलेले निदान कोड करायचे नाही. त्या भेटीत जेवढे निश्चित होते तेवढेच, मग ते नुसते लक्षण का असेना. निश्चित काय होते? झोपेची तक्रार. सूचीत ‘झोप’ आणि ‘तक्रार’ यांची सांगड शोधली की बोट जी४७.९ वर थांबते. डॉक्टरांनी ‘घोरणे’ आपल्या निष्कर्षात वेगळे नोंदवले असते, तर त्यालाही स्वतःचा कोड आहे : आर०६.८३.

गंमत अशी की हाच माणूस रुग्णालयात दाखल झाला असता आणि घरी सोडताना डॉक्टरांनी ‘बहुधा स्लीप ॲप्निया’ लिहिले असते, तर तिथे ते निदान पक्के धरून कोड करण्याची मुभा आहे. माणूस तोच, संशय तोच. दाराबाहेर एक नियम आणि खाटेवर दुसरा. दाखल रुग्णावर तपासण्या, औषधे, देखरेख यांचा खर्च त्या संशयापोटीच झालेला असतो, म्हणून हा फरक. बाहेरच्या रुग्णाच्या बाबतीत उलट भीती असते : संशयाचा शिक्का माणसाला कायमचा चिकटेल. ट्रक चालवणाऱ्याच्या किंवा विमान उडवणाऱ्याच्या कागदावर ॲप्निया हा शब्द आला, की त्याच्या वैद्यकीय पात्रतेबद्दल प्रश्न विचारले जातात. तपासणी होण्याआधीच असा शब्द लागणे बरे नव्हे.

शिस्त एवढ्यावर थांबत नाही. बॉडी मास इंडेक्स ३४ आहे, म्हणजे लठ्ठपणा आहे, हे शाळकरी मूलही सांगेल. पण ‘लठ्ठपणा’ हा शब्द डॉक्टरांनी लिहिला नसेल तर कोडरने तो कोड लावायचा नाही. आकडा नर्सने नोंदवला तरी चालतो. निदान उपचार करणाऱ्याचेच हवे. स्लीप स्टडीच्या अहवालाचेही तसेच. रात्रभर डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावून श्वास मोजतात. किमान १० सेकंद श्वास थांबला की एक खंड धरतात. तासाला असे आणि श्वास उथळ होण्याचे मिळून किती प्रसंग आले, त्यावर तीव्रता ठरते : ५ पासून सौम्य, १५ पासून मध्यम, ३० पासून तीव्र. अहवालात २२ आकडा दिसतो, पण अर्थ लावणाऱ्या डॉक्टरांनी निदान लिहिलेले नाही. कोडर तिथेही थांबते.

थांबल्यावर ती करते ती ‘क्वेरी’, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारणा. ‘रुग्णाला अडथळ्याचा ॲप्निया आहे असे लिहाल का?’ असे विचारणे निषिद्ध, कारण त्यात उत्तर आधीच भरवलेले आहे. विचारायचे ते असे : ‘अहवालात तासाला २२ प्रसंग नोंदले आहेत. या निष्कर्षाशी संबंधित निदान नमूद करावे.’ पर्याय दिलेच तर त्यांत ‘अन्य’ आणि ‘सांगता येत नाही’ हेही हवेत. उत्तर नुसते ‘स्लीप ॲप्निया’ आले तर जी४७.३०. ‘अडथळ्याचा’ हा एक शब्द जास्त आला तर जी४७.३३. तीन आकड्यांचे हे अंतर डॉक्टरांच्या पेनातल्या एका विशेषणाचे आहे.

पैसे कुठे अडतात

त्या विशेषणावर यंत्र मिळणे अवलंबून असते. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, सीपॅपसाठी तासाला १५ किंवा अधिक प्रसंग लागतात. ५ ते १४ असतील तर सोबत दिवसाची पेंग, रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघाताचा इतिहास असे काहीतरी हवे. सुरुवातीला १२ आठवड्यांची चाचणी. निदान अडथळ्याच्या ॲप्नियाचे हवे, जी४७.९ दाखवून यंत्र मिळत नाही. स्लीप स्टडी आधी सांगावी लागते, त्या वेळी निदान नसते. यंत्र नंतर मागावे लागते, त्या वेळी निदान असावेच लागते. नऊ हा या दोन टप्प्यांमधला पूल आहे. पुलावरून जायचे असते, बिऱ्हाड थाटायचे नसते.

२०१५ मध्ये नवी यादी आली तेव्हा डॉक्टर मंडळी धास्तावली होती. त्यामुळे मेडिकेअरने एक वर्षाची सवलत दिली : कोड योग्य कुटुंबातला असेल, तर केवळ तो पुरेसा नेमका नाही म्हणून बिल नाकारणार नाही. १ ऑक्टोबर २०१६ ला ती संपली. तेव्हापासून मोघम कोडावर बिल परत येण्याची धास्ती या धंद्यात मुरलेली आहे. परत आलेल्या बिलाला ‘डिनायल’ म्हणतात. त्यासाठी विमा कंपनीला फोन करणारे ‘एआर कॉलर’ भारतातच असतात. कोडिंग दिवसा चालते, पण फोन अमेरिकेची कचेरी उघडी असताना करावा लागतो. त्यामुळे कोणा अनोळखी माणसाच्या झोपेचे बिल सोडवायला नवी मुंबईत कोणीतरी पहाटे तीनला हेडफोन लावून बसलेले असते. अशा पाळीने बिघडलेल्या झोपेलाही यादीत खण आहे, आणि तो अगदी नेमका आहे : जी४७.२६.

तीन तऱ्हेचे नऊ

मग नऊ वाईट की चांगला? एकच आकडा तीन वेगळ्या गोष्टी सांगतो, म्हणून सरसकट उत्तर देता येत नाही.

पहिला नऊ म्हणतो, ‘अजून कळलेले नाही.’ तो प्रामाणिक आहे. अमेरिकेची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात की त्या भेटीत जेवढी खात्री होती तेवढेच कोडात उतरावे. अनिर्दिष्ट कोडच सत्य सांगत असेल तर तोच योग्य, आणि केवळ नेमका कोड मिळावा म्हणून गरज नसलेली तपासणी करू नये. दुसरा नऊ म्हणतो, ‘कळले आहे, पण लिहिलेले नाही.’ डॉक्टरांच्या मनात निदान असते, कागदावर ‘झोपेची तक्रार’. हा आळसाचा नऊ, आणि क्वेरीने बरा होतो. तिसरा सर्वांत चिवट. निदान झाले, लिहिलेही गेले, पण संगणकातल्या जुन्या आजारांच्या यादीत पहिल्या दिवशीचा नऊ तसाच राहिला आणि दर भेटीला आपोआप पुढे उतरत गेला. भाड्याचे घर सोडून वर्ष झाले तरी रेशन कार्डावर जुनाच पत्ता असावा, तसा.

बिल मंजूर झाले की हे तीन नऊ आकडेवारीत एकाच ढिगात पडतात. किती जणांचा आजार खरोखर कळला नव्हता आणि किती जणांचा फक्त लिहायचा राहिला, हे त्या ढिगातून वेगळे काढता येत नाही. नऊचे खरे नुकसान ते. आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या दाव्याच्या अर्जातही, रुग्णालयाने भरायच्या भागात, आयसीडी-१० कोडसाठी रकाने आहेत. तेव्हा पुढच्या वेळी आपल्या कागदावर शेवटी नऊ दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. एवढेच विचारावे : डॉक्टर, हे अजून ठरायचे आहे, की ठरले आहे आणि लिहायचे राहिले आहे?

आपल्या चौघांचे पुढे असे झाले असे समजू. तिसऱ्याची स्लीप स्टडी झाली आणि त्याला जी४७.३३ मिळाला. पहिला रात्रपाळी करतो हे दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी विचारल्यावर कळले, तो जी४७.२६ मध्ये गेला. चौथा रात्री दोनपर्यंत मोबाइल बघून सहाला उठत होता. त्याला विकार नव्हताच, झोप कमी पडत होती. त्यासाठी आजारांच्या कपाटाबाहेरचा झेड७२.८२० आहे.

राहिली दुसरी. डॉक्टरांनी तिच्या कागदावर ‘निद्रानाश’ लिहिले आणि नऊ जाऊन जी४७.०० आला. पण झोप लागत नाही आणि लागलेली टिकत नाही, या दोन गोष्टींना या यादीत वेगळे खण नाहीत. ‘दोनला टक्क जाग येते’ हे तिने पहिल्याच वाक्यात सांगितले होते. ते डॉक्टरांच्या टिपणात आहे. कोडात ते कुठेच नाही.